चौदा गोंड्यांची टोपी

जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात 'श्वार्त्सवाल्ड', म्हणजे काळं जंगल, नावाचा एक डोंगराळ मुलूख आहे. मराठी माणसाचा आणि ह्या मुलखाचा संबंध फक्त वाढदिवसाला येतो. कोपऱ्यावरच्या बेकरीत जाऊन आपण 'अर्धा किलो ब्लॅक फॉरेस्ट' मागतो, तेव्हा आपण एका जर्मन अरण्याचा अर्धा किलो मागत आहोत हे ना आपल्या ध्यानात असतं ना बेकरीवाल्याच्या. त्यावर जी लालभडक चेरी बसवलेली असते ती पुष्कळदा चेरी नसून पाकात मुरवून रंगवलेलं करवंद असतं. म्हणजे जंगल जर्मनीचं आणि रानमेवा आपल्या घाटातला. मला हा व्यवहार पहिल्यापासून पसंत आहे.

पण ह्या जंगलाची दुसरी एक ओळख आहे, ती केकची नाही, गाण्यांची. माझा भाचा श्टुटगार्टला नोकरीला असतो. त्याने एके दिवशी एक जुना जर्मन सिनेमा पाठवून दिला आणि फोन केला, "मामा, तुम्हांला संगीत नाटकं आवडतात ना? मग हे बघा. 'श्वार्त्सवाल्डमेडेल'. काळ्या जंगलातली पोरगी. मामीला पण दाखवा."

जर्मन मी तारुण्यात एक वर्षभर संध्याकाळच्या वर्गाला जाऊन शिकलो होतो. त्यातलं आता एवढंच आठवतं, की जर्मन भाषेत मुलगी नपुंसकलिंगी असते. वर्गातली पुण्याची मंडळी ह्या गोष्टीने फार अस्वस्थ झाली होती. आम्हां कोकणातल्यांना त्यात काही नवल वाटलं नाही. आमच्याकडेही चेडू ते चेडूच. लग्न होऊन सासरी जाईपर्यंत त्याला स्त्रीलिंग मिळत नाही.

तर 'श्वार्त्सवाल्डमेडेल' हा मुळात एक ऑपेरेटा. ऑपेरेटा म्हणजे ऑपेराची धाकटी बहीण. थोडी उनाड, थोडी नटवी, पण घरात सगळ्यांची लाडकी. ऑपेरात नायिकेला क्षय होतो आणि मरता मरता ती पंधरा मिनिटं गाते. ऑपेरेटात कोणी मरत नाही. फार तर हॉटेलचं बिल थकतं. पॅरिसला ओफेनबाखने हा प्रकार रुळवला, व्हिएन्नात योहान श्ट्राउसने १८७४ साली 'फ्लेडरमाउस' काढून त्याला वाल्ट्झ नाचायला लावलं, आणि १९०५ साली लेहारची 'आनंदी विधवा' आल्यावर तर अर्धी दुनिया तिच्या मागे लागली. गोष्टीत फारसा दम नसतो. वेषांतर, घोळ, भांडण आणि शेवटी दोन-तीन लग्नं एकदम उरकून घ्यायची. आता ह्यात आपल्याला परकं असं काय आहे? 'सौभद्र'मध्ये अर्जुन संन्यासी होऊन द्वारकेला येतो आणि सुभद्रा ज्या घरात आहे नेमका त्याच घरात पाहुणचार झोडतो. 'श्वार्त्सवाल्डमेडेल'मध्ये बर्लिनचे दोन शहरी तरुण फिरस्ते वादक होऊन खेड्यात येतात आणि नायिका जिथे घरकाम करते नेमक्या त्याच घरी मुक्काम टाकतात. अण्णासाहेब किर्लोस्करांनी हे १८८२ सालीच करून ठेवलेलं होतं. जर्मनांना पस्तीस वर्षं उशीर झाला एवढंच.

ह्या ऑपेरेटाचं संगीत लेओन येसेलचं, संहिता आउगुस्ट नाइडहार्टची, आणि पहिला प्रयोग बर्लिनच्या कोमिशे ओपेरमध्ये, २५ ऑगस्ट १९१७ रोजी. पुढच्या दहा वर्षांत ह्याचे सहा हजारांच्या आसपास प्रयोग झाले. ज्या नाटकाचे सहा हजार प्रयोग होतात त्याला सिनेमावाले सोडत नाहीत, हा जगभरचा नियम आहे. पण जर्मनांनी ह्या नियमाच्याही वरताण केली. त्यांनी १९२० साली ह्या ऑपेरेटाचा मूकपट काढला! गाण्यांच्या नाटकाचा मूकपट. नायिका पडद्यावर तोंड उघडते, मिटते, पुन्हा उघडते. खाली अंधारात वादक बसलेले असत, ते वाजवत, हे खरं. पण तरीसुद्धा हे म्हणजे पुरणपोळीचा फोटो बघत तूप पिण्यासारखं झालं. बरं, एकदा हौस फिटली म्हणावं, तर १९२९ साली पुन्हा दुसरा मूकपट काढला. मग १९३३ साली बोलपट. आणि भाच्याने पाठवला तो १९५० सालचा, हान्स डेप्पे ह्या दिग्दर्शकाचा रंगीत. युद्धानंतर पश्चिम जर्मनीत तयार झालेला हा पहिला रंगीत कथापट.

बायकोला म्हटलं, "अगं, जर्मन आहे. कळायचं नाही."

"तुम्हांला भीमसेन जोशींचा तराणा कळतो का? तरी माना डोलावताच ना?" असं म्हणून ती निवडायला घेतलेली मेथी घेऊन येऊन बसली.

आणि खरोखरच भाषेवाचून काही अडलं नाही. बाडेन-बाडेन नावाच्या श्रीमंत गावात एका जवाहिऱ्याच्या दुकानात बेर्बेले नावाची मुलगी नोकरी करते. ती एका वेषांतराच्या नाचाला काळ्या जंगलातल्या खेडवळ पोरीचा पोशाख करून जाते. तिथे तिला हान्स नावाचा चित्रकार भेटतो. हान्सच्या मागे रेव्ह्यूतली एक झगझगीत नटी आधीपासून लागलेली आहे. नाचाच्या सोडतीत बेर्बेलेला चक्क मोटार लागते. त्यानंतर ती मावशीच्या जागी घर सांभाळायला सांक्ट क्रिस्टोफ ह्या खेड्यात जाते, तिथल्या म्हाताऱ्या संगीतमास्तरांकडे. हान्स पाठोपाठ येतोच. मास्तरही तिच्या प्रेमात पडतात. मग गावचा उत्सव, नाच, बिअर, मारामारी आणि लग्न.

ह्यात मोटार कुठून आली, असा प्रश्न जुन्या रसिकांना पडला असेल. मूळची बेर्बेले ही मास्तरांच्या घरी राबणारी गरीब पोर. १९५० सालची बेर्बेले नोकरी करते, स्वतःचे पैसे मिळवते आणि मोटार जिंकते. नाटकाचा सिनेमा करताना काय काय बदललं ते पाहावं, म्हणजे त्या वर्षी लोकांना कशाची भूक होती ते बरोबर कळतं.

पण सिनेमाची खरी नायिका मोटारही नाही आणि बेर्बेलेही नाही. ती आहे एक टोपी.

हिचं नाव बोलेनहूट. गवताची पांढरी टोपी, आणि तिच्यावर लोकरीचे संत्र्याएवढे चौदा गोंडे. त्यांतले अकरा दिसतात, तीन खाली दडलेले असतात. ते का दडवतात हे विचारू नये. आपणही लग्नात करवलीच्या साडीला आतून तीन पिना जास्तीच्या लावतोच. मुलगी बिनलग्नाची असली तर गोंडे लाल, लग्न झालं की काळे. वजन दोन किलोपर्यंत जातं. दोन किलो! आपल्याकडे डोक्यावर दोन किलो घेऊन बाई चालली तर ती मंडईतून येत असते. ही नाचायला चाललेली असते.

बायकोने मेथी बाजूला ठेवली. म्हणाली, "ही पद्धत चांगली आहे. लांबूनच कळतं. आणि पुरुषांना कुठल्या रंगाची?"

"पुरुषांना ही टोपी नसतेच."

"वाटलंच मला," ती म्हणाली आणि पुन्हा मेथी ओढून घेतली.

आता ह्या टोपीची गंमत अशी, की ती सगळ्या काळ्या जंगलात कोणी घालत नव्हतं. गुटाख, किर्नबाख आणि राइखेनबाख अशी तीन शेजारशेजारची गावं आहेत, तेवढ्यापुरतीच ती टोपी. आणि ही तिन्ही गावं प्रॉटेस्टंट. सिनेमातला उत्सव मात्र सेंट सिसिलियाचा, म्हणजे कॅथलिकांच्या संगीतदेवतेचा. पंढरीच्या वारीत सगळ्यांनी पारशी पगड्या घालून यावं तसा हा प्रकार. शिवाय त्या मास्तरांचा हुद्दा 'डोमकापेलमाइस्टर', म्हणजे कॅथीड्रलचे संगीतप्रमुख. आता खेड्यात कॅथीड्रल कुठलं? ग्रामपंचायतीला महापौर असावा त्यातलं हे. पण ऑपेरेटा आणि त्यावरचे सिनेमे इतके गाजले, की तीन गावांची टोपी सगळ्या मुलखाची झाली. आज पोस्टकार्डावर तीच, दारूच्या बाटलीवर तीच. हिंदी सिनेमाने महाराष्ट्रातली प्रत्येक बाई कोळीण करून टाकली, त्याबद्दल आपण उगाच रागावतो. हा रोग सगळीकडचा आहे.

सिनेमात मला सर्वांत आवडलं ते वयांचं गणित. मास्तर म्हातारे, म्हणून त्यांनी मुलीचा नाद सोडून द्यायचा आणि ती तरुण हान्सला द्यायची, हा गोष्टीचा गाभा. 'शारदा' नाटकावर वाढलेल्या आपल्या मनाला हे एकदम पटतं. म्हणून मी जरा नटांची जन्मसालं काढून बघितली. बेर्बेले झालेली सोन्या त्सीमान १९२६ ची. म्हणजे चोवीस वर्षांची. म्हातारे मास्तर झालेला पाउल ह्योरबिगर १८९४ चा, म्हणजे छप्पन्न. ठीक. आणि तरुण तडफदार हान्स झालेला रुडोल्फ प्राक? १९०५! पंचेचाळीस वर्षांचा नवरदेव. म्हातारा त्याच्याहून फक्त अकरा वर्षांनी मोठा आणि नवरी एकवीस वर्षांनी लहान. आमच्या आळीत हे लग्न निघालं असतं तर मास्तरांच्या आधी हान्सलाच कोणीतरी बाजूला घेऊन समजावलं असतं. पण पडद्यावर मास्तरांच्या मिशा पांढऱ्या आणि हान्सचे केस चापून बसवलेले. म्हातारपण ही मुख्यतः केशभूषेची बाब आहे, हे मी फार पूर्वीपासून सांगत आलो आहे.

असा हा सिनेमा. १९५० च्या सप्टेंबरात श्टुटगार्टला लागला आणि दीड कोटीच्या आसपास माणसांनी पाहिला. त्याच्या जोरावर तसल्या सिनेमांची लाटच आली. जंगल, टेकड्या, हरणं, वनरक्षक, गावचा नाच आणि प्रेम. पुढच्याच वर्षी डेप्पेने हीच जोडी घेऊन दुसरा काढला, तोही धो धो चालला. ह्या सिनेमांना 'हाइमाटफिल्म' म्हणतात. 'हाइमाट' म्हणजे आपलं गाव, आपली माती, आजोळ, जे काय म्हणाल ते. जर्मनीतले शहाणे समीक्षक ह्या सिनेमांची नावं काढली की नाक मुरडतात. खरं आहे त्यांचं. ह्या सिनेमात अक्कल औषधालाही नाही.

पण १९५० सालचं श्टुटगार्ट कसं होतं? भाचा रविवारी ज्या टेकडीवर फिरायला जातो तिचं नाव बिर्केनकोप्फ. युद्धात बाँबने पडलेल्या घरांचा राडारोडा तिच्यावर नेऊन टाकला, तेव्हा ती सुमारे चाळीस मीटरने वाढली. अजूनही वर कोरीव दगड, खांबांचे तुकडे पडलेले आहेत, त्यांवर बसून लोक सँडविच खातात. सिनेमा लागला तेव्हा हा ढिगारा टेकडीवर जायचा होता, गावातच होता. रेशन त्याच वर्षी संपलेलं. काळं जंगल फ्रेंचांच्या ताब्यात गेलेलं, आणि युद्धाची भरपाई म्हणून त्यातली झाडं तोडून नेलेली. अशा वेळी त्या माणसांनी तिकीट काढून आत काय बघितलं? हिरवीगार झाडं. लाल गोंडे. शाबूत छपरं. सिनेमाभर एक फुटकी वीट दिसत नाही. आणि मूळ ऑपेरेटा आला तो १९१७ साली. त्याआधीचा हिवाळा बर्लिनमध्ये लोकांनी बटाटेही मिळेनात म्हणून गुरांना घालायचे सलगम खाऊन काढला होता. म्हणजे ही टोपी दोन्ही वेळेला उपाशी माणसांनीच डोक्यावर घेतली. तेव्हा मी तरी नाक मुरडणार नाही.

सिनेमा संपला, मेथी निवडून झाली, पण एक चाल माझ्या डोक्यात जाऊन बसली. दाढी करताना तीच, रिक्षाची वाट बघताना तीच. वाल्ट्झच्या ठेक्यात रिक्षाची वाट बघणं अवघड असतं. तीनाच्या ठेक्यात पाय उचलला की माणूस हमखास गटाराकडे सरकतो. तेव्हा म्हटलं, हा येसेल कोण ते तरी बघावं. सिनेमात त्याचं नाव आहे. नटांच्या जन्मसालांचा नाद आधीच लागलेला होता.

लेओन येसेल १८७१ साली श्टेटिनला एका ज्यू घरात जन्मला. बापाला वाटे, पोराने व्यापार करावा. पोरगं वाद्यवृंदाच्या मागे लागलं. १८९४ साली तो ख्रिस्ती झाला. १८९७ साली त्याने कथलाच्या शिपायांची एक कवायत रचली, लहान मुलांच्या खेळण्यातले शिपाई चालतात तसल्या ठेक्याची. तो स्वतःला पक्का जर्मन समजत असे. समजत असे म्हणजे काय, होताच. काळ्या जंगलाला गाणं द्यायचं भाग्य आणखी कोणाला मिळालं? त्याची दुसरी बायको तर १९३२ साली नात्सी पक्षाची सभासद झाली होती. पुढच्या वर्षी त्या पक्षाच्या हातात राज्य आलं आणि येसेलची नाटकं रंगमंचावरून उतरवण्यात आली. १९३७ साली संगीतकारांच्या सरकारी संस्थेतून नाव काढलं आणि ध्वनिमुद्रिकांवर बंदी आली. १८९४ साली झालेलं धर्मांतर त्यांच्या हिशेबी धरलं जात नव्हतं. टोपी कॅथलिक की प्रॉटेस्टंट ह्याची ज्या देशाने कधी चौकशी केली नाही, त्याने टोपीला गाणं देणाऱ्याच्या आजोबांची मात्र केली.

१९३९ साली त्याने व्हिएन्नाच्या एका संहितालेखक मित्राला पत्र लिहिलं. ज्यूंचा हा द्वेष चाललेला असताना आपल्या हातून काम होत नाही, आपल्याही दारावर कधी थाप पडेल सांगता येत नाही, अशा अर्थाचं. दोन वर्षांनी ते पत्र गेस्टापोच्या हाती लागलं. १५ डिसेंबर १९४१ ला त्याला पकडून नेलं. सत्तर वर्षांचा माणूस. त्याचे हाल केले. ४ जानेवारी १९४२ रोजी बर्लिनच्या ज्यू रुग्णालयात तो मेला.

म्हणजे श्टुटगार्टला सिनेमा लागला त्याच्या आठ वर्षं आणि आठ महिने आधी.

मी हे बायकोला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "ते मास्तर झालेले, त्यांनी तरी कसं काम केलं त्यात?"

मी ह्योरबिगरचं बघितलं. १९४५ च्या जानेवारीत त्यालाही गेस्टापोने पकडून तुरुंगात टाकलं होतं, हिटलरविरोधी मंडळींना मदत केली म्हणून. तो वाचला. बीबीसीने त्याच्या मृत्यूची बातमीसुद्धा देऊन टाकली होती. त्यानंतर पाच वर्षांनी तो पांढऱ्या मिशा लावून उभा राहिला आणि येसेलच्या चालींवर प्रेमात पडला. दीड कोट प्रेक्षकांत त्या चाली कोणाच्या, त्या माणसाचं काय झालं, हे ठाऊक असलेले किती असतील आणि ठाऊक असूनही गप्प बसलेले किती? तिकिटं विकली गेली त्यांची मोजदाद होते, ह्याची होत नाही.

आम्ही सिनेमा परत लावला. ह्या खेपेला मेथी नव्हती. टोपी आली तेव्हा बायको पहिल्यासारखी हसली. मला बरं वाटलं. टोपीने काय कोणाचं वाईट केलं होतं? नाचसुद्धा छानच आहे. पण शेवटी मास्तर वाटेतून बाजूला होतात, तिथे पहिल्या खेपेला मी वयांची बेरीज-वजाबाकी करत होतो, ती ह्या वेळी जमली नाही. चाल मात्र गोडच. इतकं कळल्यावर ती थोडी तरी कडू लागावी की नाही? नाही लागत.

येसेलच्या कथलाच्या शिपायांचं एक बरं झालं. ते आधीच अमेरिकेला पोचले होते. तिकडे ते लाकडाचे झाले. ज्या १९३३ साली त्याची नाटकं जर्मनीत बंद पडली, त्याच वर्षापासून न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये नाताळच्या खेळात छत्तीस नर्तकी त्याच्या कवायतीवर शिपाई होऊन चालतात, आणि शेवटी तोफेचा गोळा सुटला की ओळीने एकमेकींच्या अंगावर इतक्या सावकाश पडतात, की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. अजून पडतात.

आणि बर्लिनने १९८६ साली विल्मर्सडोर्फ भागातल्या एका चौकाला त्याचं नाव दिलं.

भाच्याचा फोन आला तेव्हा मी त्याला हे सांगितलं. तो इंजिनियर माणूस. म्हणाला, "मामा, आवडला ना सिनेमा? मग मेमध्ये या दोघंही. गुटाखला जुन्या शेतघरांचं म्युझियम आहे, आमच्याकडून गाडीने जाऊन येऊन एका दिवसाचं काम. तिथे ती टोपी जवळून बघायला मिळेल मामीला. बर्लिन मात्र लांब पडतं हं, सव्वासहाशे किलोमीटर. तिथे करायचंय काय?"

बायकोने माझ्या हातातून फोन घेतला.

"असू दे लांब," ती त्याला म्हणाली, "आधी चौक. टोपी मग बघू."